फुगा उभा असताना

—नाही नाही, चपला तिथेच काढ आणि हात धुऊन ये, गंधार, इथे माझे नियम चालतात. शुक्रवारी ही स्टोअररूम म्हणजे माझं देवघर — तुझी नीतावहिनी असं म्हणते, चिडून म्हणते, पण म्हणते. सहा दिवस प्लँट, त्यात शिफ्ट, मुलीची ट्यूशन, मंडळाचा गणपती, फोन वाजला की पळ — आणि शुक्रवारी सकाळी हा द्राक्षाचा रस, साखर, पावाचं यीस्ट, पाण्याचा हा मोठा कॅन आणि मी. कोणी हाक मारायची नाही. कतारमध्ये घरी दारू करणं म्हणजे जेल, तरी करणारे करतातच; पण अख्ख्या दुखान गावात अशी वाइन कोणी करत नाही — हे मी नाही, पिणारे म्हणतात. नाशिकचा आहे मी, द्राक्ष कळतं मला.

तो फुगा? मुलीच्या वाढदिवसातला. कॅनच्या तोंडावर चढवायचा, टाचणीने एक भोक पाडायचं. आत आंबतंय तोवर ताठ उभा राहतो. त्याने मान टाकली की झालं, मग बाटल्या भरायच्या. घाई केलीस तर बाटलीच फुटते — पहिल्या वर्षी कपाटात फुटली माझी, महिनाभर नीताच्या साड्यांना वास येत होता.

श्यामरावांनी पाठवलं ना तुला? दोह्याच्या पार्टीसाठी बारा बाटल्या. माहितेय. साहेब आहेत, मागणारच. आई गेली त्या आठवड्यातही मागितल्या होत्या — तू नंतर आलास, तुला नसेल माहीत. मार्चमध्ये. मामेभावाने बूथवरून फोन केला, लगेच निघ म्हणाला. मी रजेचा फॉर्म साहेबांच्या टेबलावर ठेवला. यांची सही नाही तर देश सोडायचं एक्झिट परमिट नाही, परमिट नाही तर विमानतळावरूनच परत. प्लँटचं शटडाऊन चाललंय, बघू म्हणाले. तीन दिवस बघत होते. फॉर्म यांच्या ड्रॉवरमध्ये, मी प्लँटवर, आणि आई — एकुलता एक मुलगा मी तिचा, आणि अग्नी मामेभावाने दिला. शुक्रवारी हे भेटायला आले, त्या खुर्चीत बसले, वाईट झालं म्हणाले, आणि उठताना विचारतात, या वेळची बॅच कधी?

मी काय केलं? हसलो. ग्लास भरून दिला. पण डूख धरला तो त्या दिवशी. हा खोका बघ. फुगा ताठ उभा असताना काल भरल्यात बाराही, वर साखर घालून, बुचं तारेने आवळून. इथे एसीत आहेत म्हणून गप्प आहेत. ऑगस्टचं ऊन, बंद डिकी, दोह्यापर्यंत तासभराचा रस्ता — एक फुटली की बाकीच्या फुटणार, गाडीभर वास, आणि वाटेत पोलिसाने काच खाली करायला लावली की खलास. साहेब जेलमधून थेट विमानात. तेव्हा त्यांना कोणाच्या सहीसाठी ताटकळावं लागणार नाही.

हसतोस काय, गंमत करत नाहीये मी. ऊठ, त्यांच्या डिकीत नेऊन ठेव — काय? मग त्यांची गाडी कुठाय? तुझ्या गाडीतून? म्हणजे दोह्याला तूच नेणार — आणि नुपूर? बाळाला घेऊन मागे बसलीय, बाहेर? त्यांनीच सांगितलं, बायको-मूल बरोबर असू दे, पोलीस अडवत नाहीत म्हणून. आणि स्वतः मागून येणार, रिकाम्या गाडीने.

ठेव. तो खोका खाली ठेव, हळू. लांब हो त्याच्यापासून. त्यांना म्हणावं, माल तयार आहे, पण मी दुसऱ्याच्या हाती देत नाही, स्वतः येऊन न्या. बाकी काही ऐकलं नाहीस तू. यल्ला, जा आता.