चाळलेलं वाळवंट

(पुण्यातल्या एका महाविद्यालयाची माती-प्रयोगशाळा. पीएच.डी. करणारी ऋतिका आणि तिचे मार्गदर्शक वैजनाथ सर.)

वैजनाथ : आवाज खाली. ही प्रयोगशाळा आहे, मंडई नाही.

ऋतिका : सर, डब्यांवर लाल अक्षरात लिहिलं होतं, हात लावू नये.

वैजनाथ : माझ्याच प्रयोगशाळेत मला पाट्या? आलेली माती वाळवायची, कुटायची, चाळायची. आम्ही जन्मभर हेच केलं. तू रजेवर गेलीस, म्हणून तुझं काम मी उरकलं. आभार राहू देत.

ऋतिका : ती तुमची उसाच्या रानातली काळी माती नव्हती. जैसलमेरकडची होती. तिथं सगळा जीव वरच्या पातळ, सूक्ष्मजीवांनी बांधलेल्या पापडीत असतो. हवेतला नायट्रोजन तीच धरते, त्यावर तिथलं गवत जगतं. मला पापडी अख्खी हवी होती. तुम्ही भुगा केलात!

वैजनाथ : मग पुन्हा आण. वाळवंट काय पळून जातंय?

ऋतिका : गेलं. सोलारवाल्यांनी बुलडोझर फिरवला तिथं. माझी चार वर्षं त्या डब्यांत होती, सर.

वैजनाथ : रडू नकोस, मार्ग आहे. लिही, उंटांनी तुडवलेल्या जागेची माती. तिथली पापडी मोडलेलीच असते. कोण बघायला जातंय?

ऋतिका : खोटं लिहू?

वैजनाथ : शहाणपणानं लिही. प्रबंधावर सही माझी लागते.

ऋतिका : मग सही नका करू. नमुने मार्गदर्शकांनी चाळले, असंच लिहिणार मी.

वैजनाथ : अगं, लोक हसतील मला! वारज्याला घरी जा, डोकं थंड कर, मग बोल.

ऋतिका : डोकं थंडच आहे. चाळणीवर उरलेले तुकडे कुठे आहेत?

वैजनाथ : खडे? ते बाहेर, कढीपत्त्याच्या कुंडीत टाकले.

ऋतिका : कुंडीला पाणी घातलं कुणी?

वैजनाथ : मीच. रोज घालतो.

ऋतिका : मग जिवंत असतील ते! वर्षभर सुकी पडलेली पापडीसुद्धा पाणी लागलं की हिरवी होते. सर, मातीवर हिरवं काही दिसलं का?

वैजनाथ : दिसलं.

ऋतिका : चला, दाखवा.

वैजनाथ : ऋतिका, थांब. मला ते शेवाळ वाटलं. काल खरवडून फेकलं मी.

ऋतिका : (नोंदवही उघडते.)

वैजनाथ : तेही लिही.