मास्तरांचे टाके

ड्रेसिंगच्या खोलीचा पडदा अर्धाच ओढलेला होता. बाहेर बाकावर कापलेला अंगठा धरून बसलेल्या सुताराला आतलं सगळं ऐकू येत होतं. आत सिस्टर, पोटाचं ऑपरेशन झालेले मास्तर आणि त्यांची बायको.

"मास्तर, ही पट्टी मी चिकटवलेली नाही."

"मी चिकटवली," बायको म्हणाली. "शेजारचे बघायला आले होते."

"म्हणून काढायची? तीन दिवस हात लावू नका, भिजली तर माझ्याकडे या, असं बजावलं होतं ना?"

"हात कुणी लावला? लांबूनच बघितलं सगळ्यांनी."

"सगळ्यांनी? कितीदा काढलीत?"

"शेजाऱ्यांना एकदा, माझ्या भावाला एकदा. मग नणंदेनं तोंड फुगवलं, म्हणून तिला एकदा."

"मास्तर, तुम्ही तरी नको म्हणायचं!"

"हे कसले नको म्हणतायत! स्वतःच शर्ट वर करून हजेरी घेतल्यासारखे टाके मोजून दाखवतात. अकरा."

"बारा," मास्तर पहिल्यांदाच बोलले.

"कडा लाल झाल्यात. आणखी उघडलीत तर पिकेल, मग पुन्हा टेबलावर. गुरुवारपर्यंत नाही म्हणजे नाही."

मास्तर मान खाली घालून बाहेर आले आणि सुताराशेजारी टेकले. बायको औषधं आणायला गेली.

सुतार हळूच सरकला. "बारा? मला तर चारच पडणार म्हणतात. केवढी आहे हो जखम?"

मास्तरांनी बायको गेली तिकडे पाहिलं आणि शर्टाच्या खालच्या बटणाला हात घातला.

आतून आवाज आला, "मास्तर, पडदा अर्धाच आहे!"