बरणीतलं लोणी

माजं म्हायेर बेडशाचं, लेण्याखालच्या गावातलं, आन दिल्या घरी आले तुंगार्लीला. हौसाबाई माजं नाव. ते नाव वाचता येनाऱ्या समद्या लोनावळ्याला ठावं हाय, आन मला सोताला ते वाचता येत न्हाई, काय सांगू तुमाला! म्हायेरी म्हशी, सासरी म्हशी. आयनं येकच शिकवलं, की पोरी, ताक घुसळलं की पयला गोळा वाघजाई देवीला दावायचा, आन लोन्यात खोट करनाराच्या गोठ्यात म्हस टिकत न्हाई.

धनी रानात, लोनी इकायचं काम माजं. डोईवर हंडी घेऊन म्या ठेसनावर जायची. तवा घाट उतरायच्या आदी गाडी लोनावळ्याला लय येळ थांबायची, मुंबैची बडी मानसं खाली उतरून खायाची. तितं येक शेठ पावाच्या दोन कापांत लोनी लावून, काकडी घालून इकायचा, सँडविच म्हनायचा त्याला. मला म्हनला, अक्का, रोज तुमचंच लोनी लागंल, दुसऱ्या कुनाचं न्हाई. लय ग्वाड बोलायचा. भाऊबीजेला घरी येऊन ओवाळून घ्यायचा, म्या त्याला भाऊच मानलेला.

मंग त्यानं पुन्याहून पेंटर आनला. माज्या दारात बसून माजं चितर काढलं, हातात रवी धरलेलं. चितरात मला गोरी क्येली, नाकात मोत्याची नथ घातली. माज्याकडं नथ कवा हुती? सासू म्हनली, ही कुनाची बाय आनून बसवली? लय हासलो आमी. खाली लिवलं, तुंगार्लीच्या हौसाबाईचं ताजं लोनी लावलेलं सँडविच. पाटी ठेसनावर लागली, आन पाटीखाली काचंची बरनी, पान्यात माजा लोन्याचा गोळा, येनाऱ्याजानाऱ्यानं बघावा आसा. माजी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

तुमी इचाराल, सँडविच खाल्लं का न्हाई? न्हाई वो. आमच्यात पाव चालत न्हवता. पायानं तुडवून करत्यात, कुनाच्याबी हातचा आसतो, खाल्ला की मानूस बाटलं, आसं सासू म्हनायची. म्हनून लोनी द्यायचं आन मागं फिरायचं, येवडंच माजं काम.

लढाई लागली, फलाट सोल्जरांनी भरला. सँडविच मोप खपाय लागलं आन शेठ लोनी घ्यायचा थोडं, त्याहून थोडं, शेवटाला येकच गोळा. म्या म्हनलं, भाऊ, येवड्यात पुरतं कसं? तर म्हनला, अक्का, पातळ लावतो, दिस वाईट हायेत. म्या हंडी उचलून मागं फिरले. भावावर कुनी संशेव घेतं का?

आन येक दिस शेठानं हौसाअक्का म्हनून हाक मारली, ती ऐकून गाडीच्या खिडकीतली येक बाई वरडली, तूच ना ती पाटीवरची? मेण खायला घालतेस लोकांना, लाज नाही वाटत? हातातलं सँडविच माज्या पायाशी फेकलं तिनं. मला काय झालं कुनाला ठावं, शेठाच्या ताटातलं येक उचललं आन खाल्लं. सासू, जात, समदं इसरले. टाळूला चिकटलं वो ते! लोनी जिभंवर इरघळतं, हे तितंच बसलं. डब्यातलं वनस्पती तूप, मीठ घालून कालवलेलं.

म्या म्हनलं, भाऊ, माजं लोनी कुटं हाय? त्यानं बरनीकडं बोट दावलं, हे काय, समद्यांच्या म्होरं हाय की. आन हासून म्हनला, ठेसनावर लोनीवाल्या बाया लय हुत्या अक्का. तुमच्या घरात पाव चालत न्हाई, म्हनून तर तुमाला धरलं.

ओवाळलं हुतं वो त्याला म्या, ह्या हातानं.

पाव खाल्ल्याची बातमी माज्या आदी घरी पोचली. सासूनं गोमूत्र पाजलं, चूल शिवू दिली न्हाई. शेठाचं लोनी म्या बंद क्येलं. पाटी काढ म्हनलं, तर म्हनला, चितर माजं हाय. पाटी आजून तितंच हाय. बाजारात कुनीतरी इचारतंच, काय हौसाबाई, मेणाची म्हस दूध देती का? म्हस खरी, लोनी खरं, खोटं पडलं ते माजं नाव.

आता तुमीबी माजं नाव लिवून घेताय. लिवा, तुमचं भलं व्हवो. पन बाबा, ही भाकर घ्या, हा गोळा सकाळीच वाघजाईला दावलाय. आदी खा. मंग नाव घाला.