दोरिवालमधला द

दातांचा काही संबंध नाही काका, कितीदा सांगायचं – बसा आधी, उभ्याने वाद घालू नका. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. हां, त्या खोक्यावर. तुमच्याच गाडीतून काढलेला वूफर आहे तो, आता निदान बसायला तरी कामाला येतोय. – थांबा, फोन. हां बाबा, पोचलात? चर्चसमोर? तोंड चौकाकडे करून लावा गाडी. आणि ऐका, एकाही बटणाला हात लावायचा नाही, काही झालं तरी. माझा फोन जोडलाय गाडीला, इथून बोललं की तिथे भोंग्यांतून येईल. आधी अदाउतोकाकांना तयार करते, मग बोलायचं ते तेच बोलतील. ठेवते. – या फोनची काच फुटल्यापासून कुठे दाबलं तेच कळत नाही. आणि आमचे बाबा, हात लावू नका म्हटलं ना, की भूकंप झाला तरी नाही लावणार.

दार ओढून घेते. बघा, कसं सगळं शांत झालं. शाळेच्या वसतिगृहातल्या जुन्या गाद्या ठोकल्यात चारी भिंतींना, आवाज तपासायची खोली म्हणून. बाहेरून मिरवणूक गेली तरी आत पत्ता लागत नाही. रागावलात का, न विचारता गाडी आणली म्हणून? किल्ली काकूंनीच दिली, तुम्ही झोपला होतात. वर्षभर ताडपत्रीखाली कोंबड्या राहत होत्या तुमच्या दवंडीच्या पिकअपमध्ये, हौद्यात तीन अंडी निघाली – ती काकूंना परत केली, विचारा. तर काय काय केलंय ते ऐका. ते दोन पंधरा इंची वूफर काढले. त्यांच्या जागी आठ इंची चार, बंद खोक्यात, अठरा मिलिमीटरचं प्लायवूड, सांध्यांना आतून सरस आणि लाकडाचा भुसा, कुठून हवा सुटेल तर शपथ. टपावरचे दोन भोंगे आता सरळ नाहीत, एक डावीकडे वळवलाय, एक उजवीकडे, म्हणजे गल्लीत शिरलात की दोन्ही बाजूंच्या घरांना सारखंच ऐकू जाईल. बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंत अंगठ्याएवढी वायर, आधी तिथे नुसता दोरा होता दोरा. आणि प्रत्येक लाल वायरच्या टोकाला मी लाल नेलपॉलिश लावलंय. वायर लालच आहे, तरी वर नेलपॉलिश. का – ते सांगते नंतर.

लोक माझ्याकडे येतात आणि भिंत मागतात. महापौरांचा भाचा आला होता, त्याला पिकअपवर घराएवढी स्पीकरची भिंत हवी, वर जांभळे दिवे, आणि म्हणतो कसा, जुसारा, असं वाजलं पाहिजे की पलीकडच्या गावातल्या शेळ्यांचं दूध आटेल. म्हटलं, शेळ्यांनी तुझं काय वाकडं केलंय? चार वर्षं कांपिना ग्रांजीला इंजिनिअरिंग शिकले ते शेळ्यांचं दूध आटवायला? धरणाकडच्या घरांत धड नेट येत नाही, काही येत नाही – आपल्यातलं कोण गेलं हे कळायचा त्या माणसांना हक्क आहे की नाही? आहे. आणि तो हक्क म्हणजे तुमची गाडी. हे मी महापौरांनाही सांगितलं असतं, पण त्यांना ऐकू कुठे येतं, सभेतसुद्धा घोरतात. – तुम्हाला हसू येतंय? येऊ दे. वर्षात पहिल्यांदा बघतेय. या गावात सरळ वागणारं एकच गिऱ्हाईक आहे, तो राइल्सन औषधवाला, आणि तोही नाही खरं तर. दर महिन्याला त्याच्या गाडीचा फ्यूज जातो. जातो कसला, वितळलेला नसतोच, पक्कडीने तोडलेला असतो, मला काय कळत नाही? मीही काही बोलत नाही. नवा बसवते, दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास लावते. हे कुठे बोलायचं नाही हं काका.

तर मुद्दा काय, दात नाहीत. जाड आवाज लांब जातो, पण त्यातून जातात फक्त स्वर – आ, ओ, ई. नाव ओळखू येतं ते व्यंजनांवरून, आणि व्यंजनं राहतात बारीक आवाजात, आणि बारीक आवाज हे भोंग्यांचं काम. भोंगे बिघडले की दोरिवालमधला द गेला. उरलं काय? ओरिवाल. गावात दोरिवाल एक, सत्त्याऐंशी वर्षांचा, धरणाकडे राहणारा, आणि लोरिवाल एक, खाटीक, ज्याची प्रत्येकाकडे उधारी. तुम्ही सकाळी गावभर फिरून दोरिवाल गेला म्हणून सांगितलंत, आणि लोकांनी आपल्या मनाने पुढे ल लावला. मग काय झालं ते तुम्हाला मी काय सांगणार – लोरिवालच्या ओट्यावर चाळीस माणसं, मक्याचे केक, कॉफीचे थर्मास, आणि त्याची बायको नेउझा रडता रडता सांगतेय, तसा वाईट नव्हता हो. तेवढ्यात हा मासे पकडून घरी आला, दोन मासे हातात, गर्दी बघून गपचूप मागच्या खुर्चीवर बसला आणि सगळ्यांबरोबर डोळे पुसायला लागला. शेजारणीला विचारतो, कोण गेलं? तेव्हा कुठे तिने वर बघितलं.

आणि तिकडे धरणाकडे चार माणसं. या उन्हात थांबता येत नाही, त्याच दिवशी न्यावं लागतं. शवपेटीला सहा कड्या असतात. चार कड्या चौघांनी धरल्या, पाचवी झेफाकाकूंनी स्वतः, नवऱ्याच्या पेटीची. सहावी तशीच लोंबत गेली. गाव हसलं – मासे, नेउझा, हेच सगळं. आणि मग म्हणाले, अदाउतोची नवी कवळी तोंडात हलते, आता म्हातारा झाला. कुणी म्हणालं, सकाळीच दारू घेतली असेल. तुम्ही दुसऱ्या दिवशी गाडीवर ताडपत्री टाकलीत. कवळीसुद्धा काढून खिशात ठेवलीत, काकू सांगत होत्या, नुसती मक्याची लापशी खाता.

काका, दात नव्हते. मी होते. – बोलू द्या मला, नाहीतर पुन्हा राहून जाईल. आदल्या रविवारी शेजारच्या गावात आवाजाची स्पर्धा होती आणि माझ्याकडे गाडी नव्हती. तुम्हाला म्हटलं, द्या, फुकट दुरुस्त करून देते. दुरुस्ती कसली, ते पंधरा इंची वूफर स्पर्धेसाठीच बसवले. तिसरी आले, त्याचं काही नाही. परत जोडताना घाई केली, आणि टपावरच्या एका भोंग्याच्या वायरी उलट्या लागल्या – लालच्या जागी काळी. म्हणजे एक भोंगा हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसरा मागे ओढतो, आणि दोघांच्या मधे जो उभा असेल त्याला बारीक आवाज ऐकूच येत नाही. पहिल्या वर्षाला शिकवतात हे. पहिल्या. दोरिवालला नेलं त्या संध्याकाळी मी तुमच्या अंगणात आले, म्हटलं टपावरची धूळ पुसते, आठवतं? चढले, वायरी सरळ केल्या आणि खाली उतरले. तुम्ही मला कॉफी दिलीत. मी ती प्यायले. दुकानावर 'इंजिनिअर जुसारा' अशी नवी पाटी रंगवली होती, रंग वाळायचा होता अजून. तेवढ्यासाठी तुम्हाला वर्षभर गप्प बसवलं मी.

उद्या दोरिवालला वर्ष होतंय. पाच वाजता चर्चमध्ये प्रार्थना. झेफाकाकू इथे आल्या होत्या, म्हणाल्या, या वेळी माणसं यायला हवीत, आणि ते नाव अदाउतोच्याच तोंडून हवं, दुसऱ्या कुणाच्या नको. म्हणून गाडी केली. आणि मी गावाला सांगणारच आहे काका, वायरींचं – म्हणजे आजच नाही, योग्य वेळ बघून, एकेकाला गाठून, नीट समजावून – पुन्हा हसताय? यात हसण्यासारखं काय आहे? खिशात काय माझ्या? एप्रनला काय झालं –

फोन.

चालूच आहे. बाबा? बाबा, बंद का नाही केलंत? – हो. हात लावू नका म्हणाले होते. मीच म्हणाले होते. कुठपासून ऐकू आलं? – कोंबड्यांपासून. सगळं. चौकात कोण कोण आहे? लोरिवाल. नेउझा पण. – राइल्सनचं नाव नका सांगू मला, नको, दुकान बंद करून आला असला तरी नको. काका, तुम्हाला कधी कळलं? शेळ्यांच्या वेळी? आणि तुम्ही चकार शब्द – बाबा, पुन्हा सांगा, मी मधेच बोलत होते. झेफाकाकू? गाडीला टेकून उभ्या आहेत? काय म्हणाल्या?

– द ऐकू आला म्हणाल्या.

काका, घ्या. कवळी खिशात आहे ना? लावा, वेळ घ्या, ते उभे आहेत सगळे. फोन असा धरा, तोंडापासून थोडा लांब. मी गप्प बसते.