वामनाला ठसका लागतो

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. दोन भावांत अबोला झाला, तर आधी बोलायचं कुणी? मोठ्यानं की धाकट्यानं? ... बघा, पुरुष सगळे छताकडे बघायला लागले! बायका मात्र नवऱ्यांकडे बघतायत!

तर कोकणातल्या एका वाडीत राऊळांचे दोघे भाऊ. थोरला दिगंबर, धाकटा वामन. दोघांचं बोलणं आठ वर्षं बंद. कशावरून? वामनाच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत दिगंबराचं नाव तिसऱ्या ओळीत छापलं! बास! तिसरी ओळ! देवानं आपल्याला कितव्या ओळीत बसवलंय, ते विचारतो का कधी आपण?

पण गावच्या नाटकमंडळात दोघेही होते! वडिलांनी काढलेलं मंडळ, सोडणार कोण? वामन फार्सातला नायक. दिगंबर प्रॉम्प्टर, हातात वही घेऊन विंगेत उभा. आणि वामनाची खोड अशी, की पाठांतर शून्य! विंगेतून जे येईल ते जसंच्या तसं मोठ्यानं म्हणायचं. मग हे बोलणं झालं की नाही? छे! वहीतलं वाक्य बोलण्यात धरायचं नाही, असा दोघांचा कायदा! कुठल्या कोर्टात झाला, विठ्ठल जाणे.

त्या वर्षी बातमी आली. दिगंबर नाटकाच्या दुसऱ्या दिवशी बडोद्याला निघणार, मुलाकडे, कायमचा! वामनाला कळलं. रोज पावलं थोरल्याच्या अंगणापर्यंत जायची आणि परत यायची. म्हणायचा, "मोठा आहे ना तो? त्यानं हाक मारावी!" आणि थोरला म्हणायचा, "चुकला कोण? त्यानं यावं!"

उजाडला नाटकाचा दिवस. वामन झालाय जावई. सासरा अचानक घरी आलाय, आणि हा घाबरून स्वतःच्याच घरात गडी बनलाय! लोक पोट धरून हसतायत. सासरा म्हणजे बापू टेमकर. तो दरडावतो, "काय रे गड्या, लाडू ताजा आहे का? खाऊन दाखव!"

मंडळानं लाडू दिला होता खराखुरा! वामनानं तोंडात कोंबला, आणि बसला ठसका! डोळे पांढरे, तोंड लाल! तेवढ्यात विंगेतून आवाज आला, "वाम्या, पाणी पी! सावकाश पी रे बाबा!"

आता खोड कुठे जाते? वामन खोकत खोकत प्रेक्षकांना म्हणाला, "वाम्या, पाणी पी! सावकाश पी रे बाबा!"

मंडप नुसता फुटला हसण्यानं! आणि वामन? वामन थिजला. असं वाक्य फार्सात कुठेच नव्हतं!

तो विंगेकडे वळला. "दादा... मला म्हणालास?"

दिगंबर ओशाळला. वहीत डोकं घालून पुढचं वाक्य सांगू लागला, "रावसाहेब, आपण बसावं..."

"वहीतलं नको!" वामन म्हणाला. "तुझं बोल!"

"आधी पाणी पी म्हटलं ना, गाढवा!"

अहो, आठ वर्षांनी मिळालेली शिवी! वामन तांब्याला तोंड लावून ढसाढसा रडला. म्हणाला, "दादा, माझं चुकलं. तिसऱ्या ओळीत नव्हतं घालायचं तुला." थोरला वहीसकट रंगमंचावर आला आणि त्याची पाठ चोळत राहिला. लोकांना वाटलं, हेही नाटकातच आहे! टाळ्या! आणि बापू टेमकर बिचारा मध्ये उभा, "अरे, माझं वाक्य काय? कुणी सांगेल का?"

दिगंबर बडोद्याला गेला का? गेला! पण दोन तिकिटं काढून. वामन महिनाभर तिथे राहून, वजन वाढवून परत आला!

मग मंडळी, आधी बोललं कोण? मोठा? धाकटा? अहो, समोरच्याचा जीव कासावीस झालेला ज्याला दिसला, तो बोलला! त्या घटकेला दिगंबराला पत्रिका आठवली नाही, ओळ आठवली नाही!

तुमच्या मनात आत्ता एक नाव आलंय. नाही म्हणू नका, माना खाली गेल्यात, मला इथून दिसतंय! आता टाळ उचलू, देवाचं नाव घेऊ. पण ज्याच्या मनात ते नाव आलंय, त्यानं उठावं, आधी त्या माणसाला हाक मारून यावं. आम्ही थांबतो. देवही थांबेल!