वाटेत अडकलेल्या पेशी

कुमासी शहरातल्या दवाखान्यात सेरवा आपल्या लेकीचा, पोकुआचा, मुरगळलेला पाय दाखवायला आली होती. मागच्या बाकावर मामा-भाचे बोलत होते.

"काय म्हणाला रे डॉक्टर?"

"आईच्या पोटात असताना काही पेशी बाळाच्या नाकापाशी तयार होतात, मामा. रसायनांचा माग काढत मेंदूत पोचतात. माझ्या वाटेतच अडकल्या."

"त्यानं काय बिघडतं?"

"वयात यायचा हुकूम त्याच सोडतात. म्हणून विशीतही मिसरूड नाही, आवाज पोरीसारखा."

"आणि आम्ही खुशाल हसत बसलो!"

"मिशी इंजेक्शनांनी येईल म्हणतात. वास मात्र कधीच यायचा नाही."

"वास? तुला वास येत नाही?"

"जन्मापासून. त्या पेशी वासाच्या नसांवरूनच मेंदूत जातात, आणि माझ्या त्या नसाच नीट वाढल्या नाहीत. स्वयंपाकघर धुरानं भरलं तरी मी आत खेळत बसायचो."

"आम्हाला वाटायचं, पोरगं आळशी आहे."

सेरवाला आठवलं, परवा घरातला मासा सडला होता आणि पोकुआनं तो मिटक्या मारत खाल्ला होता. तिनं लेकीला डोळे मिटायला लावले, पिशवीतलं संत्रं सोललं आणि साल तिच्या नाकाशी धरली.

"ओळख बघू, काय आहे?"

"कुठं काय आहे, आई?"