गजाच्या फोटोतला सोनेरी रोही

रोह्याच्या त्या फोटोची तारीफ माझ्यासमोर नका करू गा, चहा कडू लागते.

आपला गजा गिट्टीच्या क्रशरवर मुन्शी होता. मागच्या डबक्यावर संध्याकाळी रोही, म्हणजे नीलगाई, पाणी प्यायले येत. गजा कॅमेरा घेऊन समोर बसे. त्याले सूर्य रोह्याच्या मागं पाहिजे (याले तो 'बॅकलाइट' म्हणे), म्हणजे जनावर काळं दिसते अन् कडा सोन्यावानी चमकते. पण हवेत धूळ असली तरच ते ऊन फोटोत उतरते. म्हणून रोही आला की गजा ओरडे, "फवारा बंद करा रे!" फवारा धूळ दाबायसाठीच होता. पण मुन्शीले नाही कोण म्हणणार? असं कैक वर्षं चाललं.

यंदा त्याचा खोकला थांबेचना, म्हणून मी त्याले धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं एक्स-रे दिव्यासमोर धरला. काळ्या फुप्फुसांत पांढरे ठिपकेच ठिपके.

गजा म्हणे, "वा डॉक्टर, बॅकलाइट मस्त जमला!"

मी हसलो. डॉक्टर नाही हसले.

"ही दगडाची धूळ आहे. आता निघणार नाही. तिथं पाणी मारत नव्हते का?"

"मारत होते," गजा खाली पाहून बोलला. "फोटोसाठी मीच बंद करायले लावत होतो."

डॉक्टरनं एक्स-रे खाली ठेवला. "तेव्हा तिथं आणखी किती माणसं काम करत होती?"

गजा कितीतरी वेळ आठवून राहिला. त्याच्या फोटोत माणूस कधी नव्हताच.